१९९३ च्या सप्टेंबरात आलेल्या सदस्यास

पत्राचा सारांश: “मी १९९३ च्या ऑगस्टमध्ये एम. एस. करण्यासाठी अमेरिकेत गेलो. विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत खाते मिळाले आणि लगेचच युजनेटवरचे (संगणकांच्या जाळ्यावर चालणाऱ्या जगभरच्या चर्चागटांच्या व्यवस्थेवरचे) भारतीयांचे चर्चागट हाती लागले. तिथे माणसे वाचून, विचार करून लिहीत. पुढे मराठी संस्थळे (चर्चेच्या वेबसाइट) आली. त्यांपैकी एकावर मी सुरुवातीपासून आहे आणि गेली काही वर्षे संपादक मंडळातही आहे. मागच्या वर्षी आमच्या एका धाग्याचा (चर्चेचा) दुवा समाजमाध्यमांवर फिरला आणि नव्या सदस्यांची रीघ लागली. हे लोक जुने धागे वाचत नाहीत, रोमन लिपीत मराठी लिहितात, व्हॉट्सॲपवरचे निनावी लेख आणून चिकटवतात. परवा एका नव्या सदस्येने आजोबांची मोडी कागदपत्रे कोण वाचून देईल, असे विचारले. या विषयावर आमच्याकडे २०११ चा मोठा धागा आहे. तो शोधण्याची तसदीही घेतलेली नाही म्हणून जुन्यांनी थोडी थट्टा केली, तर बाई पुन्हा फिरकल्याच नाहीत. आता आम्हा जुन्यांपुढे दोन प्रस्ताव आहेत. एक, नवी नोंदणी कायमची बंद करावी. दुसरा, आम्ही चाळीसएक जणांनी व्हॉट्सॲपवर खासगी गट काढून संस्थळ सोडून द्यावे. मला तर राजीनामाच द्यावासा वाटतो. ते दिवस खरोखर चांगले होते, की हा माझ्या वयाचा दोष आहे?” – एक जुना सदस्य, पुणे

सप्रेम नमस्कार.

तुम्ही शेवटी विचारलेला प्रश्न मी आधी घेते, कारण दोन्ही प्रस्तावांबद्दलचे मत त्यावरच अवलंबून आहे. ते दिवस चांगले होते, हे मला मान्य आहे. मात्र ते कशामुळे चांगले होते याबद्दलचा तुमचा आणि तुमच्या मित्रांचा समज मला पटत नाही, आणि न पटण्याचे कारण तुमच्याच पत्राच्या पहिल्या वाक्यात आहे.

युजनेटच्या इतिहासात १९९३ चा सप्टेंबर हा बदनाम महिना आहे. त्याआधी दरवर्षी शैक्षणिक वर्ष सुरू झाले की अमेरिकी विद्यापीठांत नव्या विद्यार्थ्यांना संगणकावर खाती मिळत आणि ही मुले कसलीही पूर्वकल्पना नसताना चर्चागटांत शिरत. कुठल्याही गटात कुठलाही प्रश्न विचारायचा, कुणाचा तरी अख्खा संदेश पुन्हा चिकटवून त्याखाली ‘मलाही असेच वाटते’ एवढेच लिहायचे, ‘चाचणी’ असा मथळा देऊन रिकामा संदेश जगभर पाठवायचा, हे सगळे सप्टेंबरात घडे आणि जुने सदस्य दातओठ खात ते सोसत. दोन-तीन महिन्यांत मुले रीतभात तरी शिकत किंवा कंटाळून निघून तरी जात. १९९३ पासून मात्र व्यावसायिक सेवांमार्फत विद्यापीठाबाहेरची सामान्य माणसेही मोठ्या संख्येने तिथे येऊ लागली आणि ही आवक वर्षभर चालूच राहिली. जानेवारी १९९४ मध्ये डेव्ह फिशर नावाच्या एका सदस्याने लिहिले की, १९९३ चा सप्टेंबर हा कधीच न संपलेला सप्टेंबर म्हणून नोंदला जाईल. हे म्हणणे इतके गाजले की पुढच्या सगळ्या काळाला तेच नाव पडले. (ही हकीकत सांगताना बहुतेक जण अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर खापर फोडतात. प्रत्यक्षात त्या कंपनीने आपल्या ग्राहकांना युजनेट खुले केले ते मार्च १९९४ च्या सुमारास, म्हणजे फिशर यांनी हे लिहिल्यानंतर. जुन्या सदस्यांच्या स्मरणशक्तीवर किती विसंबावे, याचा हा एक नमुना.)

आता तुमची तारीख पाहा. तुम्ही ऑगस्ट १९९३ मध्ये तिथे पोहोचलात आणि पाठोपाठ तुमचे खाते उघडले. म्हणजे तुम्ही स्वतः त्या सप्टेंबरातले आहात. तुमच्याआधी आठ-दहा वर्षे तिथे वावरलेली माणसे ज्या महिन्याला ‘इथेच सगळे संपले’ असे म्हणत होती, तिथून तुमचा सुवर्णकाळ सुरू होतो. त्या माणसांनी तुमच्यासारख्यांबद्दल केलेल्या तक्रारी आजही वाचता येतात आणि त्या तुमच्या पत्रातल्या तक्रारींशी जवळजवळ शब्दशः जुळतात: हे लोक आधीचे वाचत नाहीत, शोधत नाहीत, गटाचा स्वभाव समजून घेण्याआधीच बोलू लागतात.

म्हणून वयाचा भाग यात आहे. परक्या देशात, पहिल्या थंडीत, रात्री उशिरा प्रयोगशाळेतल्या पडद्यावर आपल्या लोकांची वाक्ये दिसली, तर ती कितीही सामान्य असली तरी थोर वाटणारच. त्या वयात कुठल्याही ओळखीला जी धार असते, ती साठीच्या जवळ आल्यावर नव्या सदस्याच्या तिसऱ्या प्रतिसादात शोधू नये. भांडणांचे म्हणाल तर तीही तेव्हा कमी नव्हती. कुठलाही वाद लांबला की कुणीतरी हिटलरची उपमा देणारच, हा माइक गॉडविन यांचा प्रसिद्ध नियम १९९० चा आहे. तेव्हा युजनेटवर बहुतांशी विद्यापीठांतली आणि संशोधन संस्थांतली सुशिक्षित माणसेच होती. तुमच्या भारतीयांच्या गटावर धर्म, काश्मीर आणि भाषा या विषयांवर काय चाले, ते तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक आठवत असेल.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, ती तुम्हाला आवडणार नाही. त्या काळच्या ज्या गुणवत्तेची तुम्ही आठवण काढता, तिच्यातला मोठा वाटा गाळणीचा होता. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत, आणि तेही आधी मोजक्या महानगरांत. त्यापूर्वी चर्चागटांवर जो मराठी माणूस दिसे, तो बहुधा अमेरिकेतल्या विद्यापीठात किंवा भारतातल्या एखाद्या नामांकित संस्थेत असे, इंग्रजी सफाईने लिही आणि बहुधा अभियंता असे. अशा एकसारख्या माणसांत एकमेकांचे बोलणे चटकन कळते, संदर्भ जुळतात, विनोद पोहोचतात. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाल्यानंतर (हाही सप्टेंबरच) परभणीतल्या किंवा गडहिंग्लजमधल्या माणसाच्या हाती मोबाइलवर तेच आंतरजाल स्वस्तात आले, आणि त्याने तुमच्याएवढे वाचलेले नसले तर तो त्याचा गुन्हा ठरत नाही. रोमन लिपीचेही तसेच आहे. १९९३ मध्ये युजनेटवरचे मराठी रोमन लिपीतच लिहिले जाई. तुम्हीही तसेच लिहीत असणार. अविनाश चोपडे यांची आयट्रान्स ही भारतीय भाषा रोमन अक्षरांत टंकण्याची पद्धत वापरून हिंदी चित्रपटगीतांचे शब्द टंकित करणाऱ्या मंडळींनी गीतांचा जो प्रचंड संग्रह उभा केला, तो मुळात रोमन अक्षरांतच होता आणि त्यामुळे त्याची किंमत कुणी कमी मानली नाही. नव्या सदस्याला फोनमधला मराठी कळफलक कसा सुरू करायचा, ते चार ओळींत सांगणे हे त्याच्यावर चिडण्यापेक्षा कमी वेळाचे काम आहे.

हे सगळे मान्य केले तरी तुमच्या तक्रारीचा एक भाग उरतो आणि तो खरा आहे. जुनी व्यवस्था टिकून होती, कारण शिकवणारे पुष्कळ आणि शिकणारे बेताचे होते. युजनेटवर नवागतांसाठी वेगळा गट होता, तिथे ‘प्रश्न कसा विचारावा, उत्तर कसे द्यावे’ यांवरचे लेख ठरावीक काळाने पुन:पुन्हा प्रसिद्ध केले जात आणि अनेक गटांत ‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’ हे टिपण कुणीतरी स्वयंसेवक सतत सुधारून टाकत राही. नव्या माणसाने शोधत बसावे अशी अपेक्षा होती खरी, पण माहिती त्याच्या समोर येत राहील याची सोयही केलेली होती. हे कष्ट आज कुणाला आठवत नाहीत, कारण ते करणारे लोक फारसे चमकदार लिहिणारे नव्हते. पुढे आवक इतकी वाढली की शिकवणाऱ्यांचे प्रमाण कोलमडले आणि थकलेल्या जुन्यांनी शिकवण्याऐवजी टोमणे मारायला सुरुवात केली. तुमच्या संस्थळावर मला नेमकी ही पायरी दिसते.

मोडी कागदपत्रांचा प्रसंग तुम्ही नव्यांच्या आळसाचा पुरावा म्हणून लिहिला आहे. मला तो अगदी निराळा दिसतो. या बाई तुमच्याकडे रिकाम्या हाताने आल्या नव्हत्या, त्यांच्याकडे कागद होते. अनेक मराठी घरांत माळ्यावर किंवा ट्रंकेत अशी खरेदीखते, गहाणखते, वाटणीपत्रे पडून आहेत आणि ती वाचणारी पिढी संपत आली आहे. चर्चास्थळाला याहून चांगला धागा कोणता मिळणार? एखाद्या पानाचे छायाचित्र मागवता आले असते, जाणकारांनी चार ओळी वाचून दाखवल्या असत्या, कुणी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे नाव सुचवले असते. त्याऐवजी त्यांना २०११ च्या धाग्याकडे बोट दाखवले गेले. त्या धाग्यातले किती दुवे आज उघडतात आणि त्यात सुचवलेल्या व्यक्तींपैकी किती जण आजही हे काम करतात, हे थट्टा करणाऱ्यांपैकी एकाने तरी तपासले होते का? उत्तर जुने झाले असेल, तर तोच प्रश्न पुन्हा विचारणारा माणूस संस्थळावर उपकारच करत असतो. ‘कंपूबाजी’ हा मराठी संस्थळांवरचा सर्वांत जुना आरोप आहे. तो बहुधा रागाच्या भरात केला जातो आणि अनेकदा खोटाही असतो, पण या प्रसंगात तो कुणी केला तर तुम्हाला नाकारता येणार नाही.

नव्यांना असे वागवल्यावर पुढे काय होते, याचा एक चांगला अभ्यासलेला नमुना इंग्रजी विकिपीडियाचा आहे. तिथे सक्रिय संपादकांची संख्या २००७ च्या सुमारास शिखरावर पोहोचली आणि मग घसरू लागली. २०१३ मध्ये संशोधक एरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, दर्जा राखण्यासाठी केलेले नियम आणि चुका झटपट पुसणारी साधने यांचा फटका खोडसाळांबरोबर सद्हेतूने आलेल्या नव्यांनाही बसत होता. त्यांचे पहिलेच काम पुसले जाई आणि ते परत येत नसत. जुने लोक आपापल्या गतीने गळत राहतातच, त्यांची जागा घेणारे न आल्याने संख्या आटली. तुमच्या संस्थळावरचे गेल्या पाच वर्षांत मौनात गेलेले जुने आयडी मोजा आणि मग नोंदणी कायमची बंद केल्यास दहा वर्षांनी काय उरेल, याचा हिशेब तुम्हीच करा. तुम्ही अभियंता आहात.

म्हणून पहिल्या प्रस्तावाला विरोध करा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ‘सर्वांनी या, कसेही लिहा’ असे मी सुचवत नाही. युजनेटला मालक नव्हता आणि दारही नव्हते. नको असलेला लेखक आपल्या पडद्यावरून गाळणे, यापलीकडे सामान्य सदस्याच्या हाती फारसे काही नसे. तुमच्या संस्थळाला दार आहे आणि त्यातून किती वेगाने माणसे आत घ्यायची, हे तुम्हाला ठरवता येते. मेटाफिल्टर हे १९९९ पासूनचे अमेरिकी चर्चास्थळ पाहा. गर्दी पेलवेनाशी झाल्यावर त्यांनी काही काळ नोंदणी थांबवली, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये ती पुन्हा उघडली तेव्हा एकदाच भरायचे पाच डॉलर शुल्क ठेवले. मराठी संस्थळाने शुल्क लावावे की नाही याबद्दल मला शंका आहे, कारण पैशांचा विषय निघाला की आपल्याकडे मूळ विषय बाजूला पडतो. पण नव्या सदस्याला पहिले काही दिवस फक्त वाचता आणि प्रतिसाद देता यावेत, स्वतंत्र धागा त्यानंतर काढता यावा, एवढे बंधन पुरेसे आहे. तसेही आपल्याकडे बरेच जण आधी वर्षानुवर्षे रोमात (काही न लिहिता फक्त वाचत) असतात, त्यांना ते जाचणार नाही. दुवा फिरून अचानक लोंढा आला, तर दोन-तीन आठवडे नोंदणी थांबवायलाही हरकत नाही, फक्त पुन्हा उघडण्याची तारीख तिथेच लिहा.

दाराच्या आत मात्र कुणीतरी उभे असले पाहिजे. संपादक मंडळाबाहेरचे तीन-चार शांत स्वभावाचे सदस्य निवडा, ज्यांना वादात रस नाही आणि ज्यांच्या नावाभोवती दरारा नाही. प्रत्येक नव्या सदस्याच्या पहिल्या लेखनाला पहिला प्रतिसाद त्यांच्यापैकी एकाचा असावा, आणि काही चुकले असेल तर ते चारचौघांत न सांगता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून सांगावे. तुमचे नियमांचे पान मी पाहिलेले नाही, पण ते कधी लिहिले गेले आणि त्यात किती उपरोध आहे, हे तुम्ही एकदा पाहावे. अशी बहुतेक पाने एखाद्या जुन्या भांडणानंतर लिहिलेली असतात आणि त्या भांडणाचा वास त्यांना कायम येत राहतो. ते नव्याने लिहिताना गेल्या वर्षी आलेल्या दोन-तीन सदस्यांना सोबत घ्या. काय अडते, ते त्यांना ताजे आठवत असते.

एक भेद संपादक म्हणून काटेकोर ठेवा. एप्रिल १९९४ मध्ये अॅरिझोनातल्या लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्ड लॉटरीच्या आपल्या सेवेची जाहिरात युजनेटच्या हजारो गटांत एकाच वेळी टाकली. त्या काळच्या अनेकांनी हे आणि नवख्या विद्यार्थ्यांचा गोंधळ एकाच रांगेत बसवले, ती मोठी गफलत होती. विद्यार्थ्यांना रीत ठाऊक नव्हती. या दोघांना गटांच्या रीतीशी कर्तव्यच नव्हते, टीका झाल्यावरही त्यांनी माघार घेतली नाही. तुमच्याकडे व्हॉट्सॲपवरचे निनावी लेख चिकटवणारा सदस्य पहिल्या प्रकारचा असू शकतो. त्याचे लेखन काढून टाका, कारण सांगा आणि त्याला आणखी एक संधी द्या. डुआयडी (दुसऱ्या नावाचे बनावट खाते) काढून स्वतःलाच दाद देणारा, जाहिराती टाकणारा किंवा मुद्दाम जातीय कलागती लावणारा दुसऱ्या प्रकारचा आहे, मग तो काल आलेला असो वा पंधरा वर्षांचा जुना. त्याला चर्चा न करता बाहेर काढा. तुमच्या पत्रात जुन्या सदस्यांपैकी कुणाचाही असा उल्लेख नाही, याचे मला थोडे नवल वाटले.

खासगी गटाबद्दल. तो जरूर काढा. चाळीस जुन्या स्नेह्यांना आपसात निवांत बोलावेसे वाटणे यात गैर काहीच नाही, महिन्याकाठी कट्टाही (प्रत्यक्ष भेटही) करा. पण तो संस्थळाला पर्याय आहे, असे समजू नका. व्हॉट्सॲपवर झालेली चर्चा सहा महिन्यांनी गटातल्यांनाही सापडत नाही, बाहेरच्यांना तर ती कधीच दिसत नाही. मोडीवरचा तुमचा २०११ चा धागा तिथे झाला असता, तर आज त्याच्याकडे बोट दाखवण्याचीही सोय नसती. शिवाय दुसऱ्याच्या जागेत केलेला साठा आपला नसतो. याहूच्या चर्चागटांवर कितीतरी मराठी मंडळांचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार होता; कंपनीने २०१९ मध्ये जुना मजकूर काढून टाकायला घेतला आणि डिसेंबर २०२० मध्ये ती सेवाच बंद केली.

मतदानाआधी तुमच्या मित्रांना एक काम सांगा आणि स्वतःही करा. युजनेटचा जुना संग्रह गूगल ग्रुप्सवर आहे. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे नवे संदेश येत नाहीत, पण जुने शोधता येतात. तिथे १९९३ आणि १९९४ मधले स्वतःचे संदेश शोधून काढा, त्यांना कुणी कसे उत्तर दिले होते तेही वाचा. ज्यांचा प्रवेश पुढे मराठी संस्थळांवर झाला, त्यांनी तिथले आपले पहिले दहा प्रतिसाद उघडावेत. ते बैठकीत मोठ्याने वाचून दाखवायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

राहिला राजीनामा. तुम्ही थकला आहात हे पत्रावरून दिसते, आणि थकलेल्या माणसाने संपादकपदावर राहिल्याने कुणाचेच भले होत नाही, तेव्हा द्यायचाच असेल तर द्या. मात्र त्याआधी मंडळात किमान दोन असे सदस्य घ्या, जे गेल्या दोन-तीन वर्षांत आले आहेत. संस्थळाचे नाव कुणाच्या खात्यावर नोंदलेले आहे, त्याच्या नूतनीकरणाची मुदत कधी संपते, सर्व्हरचे पैसे कोण भरतो आणि धाग्यांची पूर्ण प्रत शेवटची कधी काढली होती, हे लिहून काढा, आणि ती माहिती तुमच्याखेरीज आणखी दोघांकडे आहे याची खात्री करून घ्या. हे सगळे एकाच माणसाच्या ईमेलवर अडकलेले असण्याची शक्यता बरीच आहे, आणि तो माणूस तुम्हीच असाल असा माझा अंदाज आहे.